१५ लिटरचा गिझर: हिवाळा काढल्यावरचा हिशेब

नाशकात आम्ही चौघं राहतो. दिवाळीच्या आधी १५ लिटरचा, २००० वॅटचा साठवणीचा गिझर बसवला. पाणी झकास तापतं, टाकी कुठे पाझरत नाही. पण जो येतो तो बिलाचंच विचारतो, म्हणून त्यावरच सविस्तर लिहितो.

१५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० पर्यंत तापवायला साधारण ०.७ युनिट लागतं, म्हणजे २१ मिनिटं. त्यात गार पाणी घातलं की अंघोळीच्या १५ लिटरच्या दोन बादल्या होतात. बादलीला ०.३५ युनिट.

आता पैसे. बरेच जण सगळ्या बिलाला सगळ्या युनिटनी भागतात आणि तोच दर गिझरला लावतात. तो कमी येतो. महावितरणचा पहिल्या १०० युनिटचा दर कमी, १०१ ते ३०० चा जवळपास दुप्पट. फ्रिज, पंखे, टीव्ही यांनीच शंभरी गाठलेली असते, म्हणून गिझरचं प्रत्येक युनिट वरच्या टप्प्यात जातं. त्यात वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत आणण्याचा युनिटमागचा खर्च मिळवा, वर १६ टक्के वीज शुल्क. आमच्याकडे युनिट तेरा रुपयांच्या आसपास पडतं. बादली साडेचार रुपयांना, चौघांचे महिन्याला साडेपाचशेच्या घरात. हिवाळ्यातल्या बिलातली वाढ याच्याशी जुळली.

गिझर खरंच २००० वॅट खातो का, तेही पाहिलं. घरातलं बाकी सगळं बंद केलं. मीटरवरचा लाल दिवा आमच्याकडे एका युनिटला ३२०० वेळा लुकलुकतो; हा आकडा मीटरवरच छापलेला असतो. अर्ध्या मिनिटात ५३ लुकलुक यायला हवेत. मोबाइलवर व्हिडिओ काढून सावकाश मोजले, सकाळी ४५ च्या आसपास भरले. कॉइलमध्ये दोष नाही, सकाळच्या वेळी विजेचा दाब २१० व्होल्टच्या जवळ असतो आणि दाब थोडा उतरला तरी वॅट बरेच उतरतात. पाणी तापायला २१ ऐवजी २५ मिनिटं लागतात, युनिट मात्र तेवढंच.

दिवसभर चालू ठेवू नका. टाकीतली उष्णता बाहेर झिरपत राहते. २४ तासांत किती, ते स्टार लेबलवर दिलेलं असतं. दुकानात स्टार मोजण्याऐवजी तो आकडा वाचा. आम्ही अंघोळीआधी अर्धा तास लावतो, मग बंद.

एकच गोष्ट खटकते: तापमानाचं बटण तळाशी आहे, स्टुलावर चढल्याशिवाय हात पोचत नाही. आणि बोअरचं पाणी असेल तर वर्षातून एकदा टाकी उघडून साफ करून घ्या, क्षार साचून कॉइल लवकर जळते.