ट्रॅक डे आणि त्यानंतरचे ग्रुप: काही महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या हिवाळ्यात कोइम्बतूरजवळ चेट्टिपाळयमला, कारी मोटर स्पीडवे या रेसिंगच्या ट्रॅकवर परफॉर्मन्स ड्रायव्हिंगचा, म्हणजे आपलीच गाडी वेगात नीट हाताळायला शिकायचा, एक दिवस (ट्रॅक डे) केला. त्या दिवसाच्या मागोमाग व्हॉट्सॲप, इन्स्टा, फेसबुक, डिस्कॉर्ड अशी ग्रुपांची रांग फोनमध्ये शिरली. आता बरेच महिने उलटलेत, म्हणून दोन्हींबद्दल एकदमच लिहिते. ट्रॅकमुळे मी रस्त्यावर सावकाश झाले, आणि यातल्या काही ग्रुपांमुळे पुन्हा सुसाट जावंसं वाटायला लागतं, असा हा एकूण प्रकार आहे.

गाडी म्हणाल तर साधी पेट्रोल स्विफ्ट. १.२ लिटर, ९० पीएस ताकदीचं इंजिन, शोरूममधून आली तशीच. पुण्याहून जवळजवळ १२०० किमी जायचं, तेही हिला घेऊन, म्हटल्यावर ऑफिसात सगळे हसले. पण कारी ट्रॅक ज्यांच्या नावाचा आहे त्या रेसर एस. कारीवर्धन यांनी १९८०च्या दशकात मारुतीचं इंजिन घालूनच फॉर्म्युला (एका सीटच्या, रेसिंगच्या) गाड्या बांधल्या होत्या. तेव्हा मारुती घेऊन कारीला जायला लाजायचं काही कारण नाही.

ट्रॅक २.१ किमीचा, २००३ मध्ये सुरू झालेला. चेन्नईजवळचा इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७ किमी आहे आणि ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट ५.१२५ किमी. बुद्धच्या लांबलचक सरळ पट्ट्यावर स्विफ्टला नुसता ॲक्सिलरेटर दाबून वाट बघत बसावं लागेल. नवशिक्याला छोटा ट्रॅक बरा. वळणं पटापट येतात आणि मागच्या राउंडला काय बिघडलं ते विसरायच्या आत तेच वळण पुन्हा समोर असतं.

सकाळी ब्रीफिंग. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सेशन थांबलं. काळा दाखवला तर तुम्ही स्वतः पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या थांबायच्या जागेत) यायचं आणि ऐकून घ्यायचं. ओव्हरटेक फक्त सरळ पट्ट्यावर, तोही पुढच्याने हात दाखवून बाजू दिली तरच. (हा एवढा एक नियम कात्रजच्या घाटात लागू करून बघा.) मग गाडीतलं सगळं सुटं सामान बाहेर: पायातल्या मॅट, पाण्याच्या बाटल्या, डिकीतली छत्री. डॅशबोर्डवरचे गणपती काढायची वेळ आली तेव्हा आमच्या बॅचमध्ये जरा चुळबुळ झाली. इन्स्ट्रक्टर शांतपणे म्हणाला, "ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवा, तिथूनही त्यांचं लक्ष असतं."

दिवसभरात शिकण्यासारखं सगळ्यात मोठं काय असेल तर ब्रेक. आपण करकचून ब्रेक मारतो असं आपल्याला वाटतं. खरं तर फार थोडे लोक मारतात. सरळ पट्ट्याच्या शेवटी खुणेचा प्लॅस्टिकचा शंकू ठेवलेला, शेजारी बसलेला इन्स्ट्रक्टर "नॉट येट, नॉट येट" म्हणतोय आणि वळण अंगावर येतंय. "ब्रेक!" म्हटल्यावर पाय पूर्ण दाबला की एबीएसमुळे (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) पेडल पायाखाली थरथरतं, बेल्ट खांद्यात रुततो आणि गाडी वळणाच्या इतकी अलीकडे मंदावते की उरलेलं अंतर रिकामंच पडतं. दाबणं दोन-चार राउंडमध्ये जमतं. सोडणं अवघड. पाय एकदम उचलला की पुढच्या चाकांवर आलेलं वजन मागे सरकतं, पकड कमी होते आणि स्टिअरिंग वळवलं तरी नाक सरळच जात राहतं. थोडं थोडं सोडत, तेवढंच थोडं थोडं वळवत गेलं की तीच गाडी निमूटपणे आत येते. हे व्हिडिओ बघून कळतं, पण पायाला कळत नाही.

खर्चाचं सांगते. फीपेक्षा पुढचं बिल जड असतं. १०० च्या वेगावरून गाडी थांबवायला ब्रेकना जेवढी ऊर्जा खावी लागते, तिच्या जवळजवळ दुप्पट १४० वरून लागते, आणि ती सगळी उष्णतेत जाते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवीन डॉट ३ (डॉट ३, डॉट ४ या ब्रेक ऑइलच्या प्रती) चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस, डॉट ४ चा २३०. ओलावा शिरल्यावर हेच आकडे १४० आणि १५५ पर्यंत उतरतात. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडतं. म्हणून जायच्या आधी ताजं डॉट ४ भरून घ्या, ही माझी एकमेव सक्तीची सूचना. ब्रेक पॅड जाड हवेत. सेशन संपलं की शेवटचा राउंड ब्रेक न तापवता सावकाश मारायचा आणि पार्किंगमध्ये हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवायची. पुढच्या टायरच्या कडा माझ्या दिसण्याइतक्या झिजल्या. आणि विमा: आपल्याकडच्या कार पॉलिसीत 'लिमिटेशन्स ॲज टू यूज' (गाडीच्या वापरावरच्या मर्यादा) म्हणून जो भाग असतो, त्यात ऑर्गनाइज्ड रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं. ट्रॅकवर गाडी ठोकली तर खिशातूनच, असं धरूनच जा.

रस्त्यावर काय फरक पडला? एक्सप्रेसवेवर पुढच्या ट्रकच्या मागच्या दिव्यांकडे बघण्याऐवजी आता त्याच्याही पुढच्या दोन-तीन गाड्यांकडे नजर जाते. अंतर आपोआप जास्त ठेवलं जातं, कारण पूर्ण ब्रेक मारल्यावरही गाडी किती पुढे जाते हे अंगाने अनुभवलंय. नवरा म्हणतो, "एवढे पैसे भरून हळू चालवायला शिकलीस." बरोबर आहे त्याचं.

आता ग्रुप. माझा डीपी गाडीचा आहे, त्यामुळे सुरुवातीला सगळीकडे "भावा, टायर कुठले?" मग नाव कुणाच्या तरी लक्षात आलं की तोच माणूस "ताई, सॉरी हं." असो.

सगळ्यात कामाचा आमच्या बॅचचा छोटा व्हॉट्सॲप ग्रुप. कोण कुठल्या तारखेला जाणार, कुणाकडे पॅड शिल्लक आहेत, वाटेत हुबळीला राहायचं कुठे, एवढंच. फेसबुकवरचा खरेदी-विक्रीचा ग्रुप टायरसाठी चांगला, पण विकणाऱ्याकडे टायरच्या बाजूवरच्या चार आकड्यांचा फोटो आधी मागा. २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३वा आठवडा. "एकदम फ्रेश" टायर पाच-सहा वर्षांचे निघतात. डिस्कॉर्डवर सिम रेसिंगचा, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या रेसिंगचा, कट्टा आहे. तिथली कॉलेजातली पोरं मला मिनिटागणिक मागे टाकतात आणि वर नीट समजावूनही सांगतात. रेसक्रोनोसारख्या वेळ मोजणाऱ्या ॲपवरचे लॅप टाइम (एका राउंडची वेळ) मात्र तिथे उगाच भांडणाचं मूळ होतात. फोनचा जीपीएस साधारण सेकंदाला एकदा नोंद घेतो आणि १०० च्या वेगात सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जातात, तर दशांशावरून वाद कसला घालता?

इन्स्टाने डोकं फिरवलं. ट्रॅकचे दोन रील बघितले काय, आठवड्याभरात फीडभर रात्रीच्या बोगद्यातले स्पीडोमीटर. त्यातूनच एका 'संडे रन' ग्रुपमध्ये ओढले गेले. पहाटे उर्से टोलनाक्यावर जमायचं, चहा, फोटो, आणि मग लोणावळ्यापर्यंत 'मोकळा रस्ता'. १०० ची मर्यादा, वर कॅमेरे, तरी ॲडमिन महाशय नंबरप्लेटला काय लावायचं ते शिकवत होते. मी ग्रुपवर मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ टाकलं: सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर पहिल्या वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड. उत्तरादाखल हसणारे इमोजी आले. मी तिथेच बाहेर पडले. गंमत म्हणजे त्यातल्या एकानेही कधी ट्रॅकवर पाय ठेवलेला नव्हता.

एवढ्या लांब लगेच जायचं नसेल तर कोल्हापूरजवळ मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टिंगचा (छोट्या, उघड्या रेसिंग गाड्यांचा) ट्रॅक आहे, आधी तिथे जाऊन या. वळण कुठल्या रेषेने घ्यायचं आणि नजर कुठे ठेवायची हे कार्टमध्ये स्वस्तात शिकून होते. मी पुढच्या खेपेला चेन्नईचा ट्रॅक बघणार आहे. बॅचच्या ग्रुपवर तारखांची चर्चा सुरू झालीये, आणि नवऱ्याने हळूच विचारलंय की शेजारच्या सीटवर बसायचे वेगळे पैसे पडतात का.