जालन्यातील पापविषयक अभ्यासवर्ग: शिकवणी उत्तम, क्रम उलटा

जालना परिसरातील एक प्रॉटेस्टंट मंडळी उन्हाळ्याच्या सुट्टीत निवासी अभ्यासवर्ग भरवते. दृढीकरणाची, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळचा विश्वास स्वतः जाहीर करण्याच्या विधीची, तयारी करणारे तरुण आणि इच्छुक प्रौढ यांच्यासाठी तो असतो, आणि या वेळी मनुष्याचा स्वभाव व पाप हा विषय घेतला होता. शिकवणी उत्तम, पुस्तिका साधारण आणि विषयाची मांडणी उलट्या क्रमाने केलेली, असे माझे मत झाले आहे. यांतील शेवटची गोष्ट मराठवाड्यातल्या श्रोत्यांच्या दृष्टीने फार महत्त्वाची असल्यामुळे हे परीक्षण मुख्यतः तिच्याविषयी आहे.

वर्गाची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे शिकवणारे पाळकसाहेब. ऑगस्टिन आणि पेलाजियस या दोन ख्रिस्ती विचारवंतांमधला पाचव्या शतकातला वाद त्यांनी इतका सोपा करून सांगितला, की अकरावी-बारावीची मुलेसुद्धा बाजू घेऊन भांडू लागली. आदामाने वाईट कित्ता घालून दिला, एवढाच त्याचा आपल्याशी संबंध आहे आणि मनुष्याने मनावर घेतले तर तो देवाची आज्ञा पूर्णपणे पाळू शकतो, हे पेलाजियसचे म्हणणे. तर ज्या इच्छेच्या जोरावर आज्ञा पाळायची ती इच्छाच आजारी आहे, हे ऑगस्टिनचे उत्तर. ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने पेलाजियसची शिकवण नाकारली. पुढे ५२९ मध्ये ऑरेंजच्या परिषदेने विश्वासाची सुरुवातदेखील देवाच्या कृपेनेच होते असे ठरवले. मात्र काही माणसांना देवानेच दुष्टतेसाठी नेमले आहे, या मताचा तिने त्याच वेळी धिक्कार केला. हा दुसरा भाग बहुतेक प्रवचनांतून गळून जातो, पण येथे तो आवर्जून सांगण्यात आला.

नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या १६१८-१९ च्या सभेपासून सुधारित (कॅल्व्हिनच्या परंपरेतील) मंडळ्यांत रुजलेली संपूर्ण भ्रष्टतेची शिकवण समजावतानाही त्यांनी घाई केली नाही. मनुष्य जितका वाईट होऊ शकतो तितका वाईट झालेला आहे, असा तिचा अर्थ नसून बुद्धी, भावना आणि इच्छा यांपैकी एकही भाग पापाच्या स्पर्शातून सुटलेला नाही, असा आहे. बोअरचे पाणी खारट असले की प्रत्येक घोट खारट लागतो, तरीही ते पाणीच असते, हा त्यांचा दाखला सर्वांना तत्काळ पटला.

लातूरकडून आलेल्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न मात्र दाखल्याने सुटण्यासारखा नव्हता. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर ज्यांनी हातांनी दगड उपसून माणसे बाहेर काढली, त्यांच्यात ख्रिस्ती किती होते, आणि त्यांचा तो चांगुलपणाही देवापुढे पापच ठरतो काय, असे त्यांनी विचारले. पाळकसाहेबांनी अडचण झाकली नाही. अँग्लिकन परंपरेच्या एकोणचाळीस कलमांपैकी तेरावे कलम या बाबतीत कठोर आहे, ख्रिस्तावरील विश्वासाआधीच्या कृत्यांत पापाचा अंश असतो असे ते म्हणते, हे त्यांनी आधी मान्य केले. त्यानंतर बायबलमधील रोमकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायाकडे वळून, नियमशास्त्र (मोशेद्वारे दिलेले देवाचे नियम) नसलेले लोकही स्वभावतः त्यातल्या गोष्टी करतात असे पौल लिहितो, हे दाखवले. तो चांगुलपणा खरा आहे आणि देवाच्या सर्वांवर असलेल्या कृपेतूनच येतो, परंतु त्याच्या आधारे कोणी आपले तारण कमावू शकत नाही, असे त्यांचे उत्तर होते. मला ते पूर्ण वाटले नाही, पण प्रामाणिक वाटले.

पाहुणे म्हणून आलेल्या कॅथलिक फादरांना दिलेला वेळ तुटपुंजा होता. बाप्तिस्म्याने आदिपापाचा, म्हणजे आदामापासून सर्वांना जन्मतः लागलेल्या पापाचा, दोष पुसला जातो, पापाकडे असलेली ओढ उरते, पण ती ओढ स्वतः पाप नव्हे, ही ट्रेंटच्या परिषदेची १५४६ ची भूमिका त्यांनी सांगितली. मानवी स्वभाव घायाळ आहे, पूर्णतः भ्रष्ट नाही, असे १९९२ ची कॅथलिक धर्मशिक्षा म्हणते, हेही जोडले. उलट प्रॉटेस्टंट सुधारणेचा प्रवर्तक लूथर याच्या मते विश्वासणारा एकाच वेळी नीतिमान आणि पापीही असतो. या दोहोंतला फरक म्हणजे ख्रिस्ती माणसाने स्वतःला काय समजावे, हाच प्रश्न आहे, आणि त्यावर खुली चर्चा व्हायला हवी होती. करिंथच्या मंडळीतले तंटे आणि अनाचार यांवर पौल पुढे कडक शब्दांत बोलतो, पण पत्राच्या आरंभी तो तिला पवित्र जन म्हणूनच संबोधतो, याचा उल्लेखही झाला नाही. ऑर्थोडॉक्स मंडळ्यांचे मत एका वाक्यात आटोपले, तेवढे या वर्गापुरते पुरेसे होते.

आता मुख्य दोषाकडे येतो. पहिल्या सत्रापासून विषय सुरू झाला तो उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायाने, म्हणजे आदाम-हव्वेच्या पतनाने; मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे आणि निर्मिती फार चांगली होती, हे पहिल्या अध्यायातले सत्य शेवटच्या सत्रात उरलेल्या वेळेत सांगण्यात आले. नारायण शेषाद्री हे १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले ब्राह्मण पाळक. त्यांनी जालन्याजवळ बेथेलची वसाहत उभारली, आणि या भागातल्या अनेक ख्रिस्ती घराण्यांचे पूर्वज महार-मांग वस्त्यांमधून आलेले आहेत. ज्यांच्या आजा-पणजांना जन्मानेच विटाळ ठरवले गेले, त्यांच्या नातवंडांना चर्चमध्ये पहिलेच वाक्य 'तुम्ही जन्मतः पापी आहात' हे ऐकू आले, तर ते जुन्याच शिक्क्यासारखे वाटणार. एका ज्येष्ठ बाईंनी हे शांतपणे बोलून दाखवले. विटाळ काहींना खाली बसवतो, तर सर्वांनी पाप केले आहे हे वचन पुजाऱ्यापासून पाटलापर्यंत सगळ्यांना एकाच रांगेत उभे करते, हे पाळकसाहेबांचे उत्तर चोख होते. परंतु ते प्रश्न आल्यावर मिळाले, आणि जे प्रश्न विचारत नाहीत ते तरुण त्याविनाच घरी गेले असते.

शिवाय या उत्तराला इतिहासाचा भक्कम आधार देता आला असता. आदिपाप हे आता मनुष्याचे मूळ द्रव्यच झाले आहे, असे फ्लासियस या लूथरन पंडिताने १५६० च्या वायमारच्या वादविवादात म्हटले होते, आणि १५७७ च्या एकमत-सूत्राच्या, म्हणजे लूथरन मंडळ्यांच्या अधिकृत विश्वास-निवेदनाच्या, पहिल्याच कलमाने ते नाकारले. पाप मनुष्याच्या स्वभावाला कितीही खोल जडलेले असले, तरी देवाने घडवलेला स्वभाव आणि त्याला लागलेली भ्रष्टता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे तेथे स्पष्ट केलेले आहे. ऑगस्टिनही वाईटाला स्वतंत्र द्रव्य मानत नव्हता. चांगल्याचा अभाव म्हणजे वाईट, असे त्याचे मत होते. म्हणजे पापाची शिकवण चांगुलपणाच्या शिकवणीवाचून उभीच राहत नाही, आणि पुस्तिकेत नेमके हेच पान नाही.

पुस्तिकेबद्दल आणखी एक तक्रार अशी की वचनांचे संदर्भ ठिकठिकाणी चुकलेले आहेत, तेव्हा पवित्र शास्त्र सोबत न्यावेच. शुल्क माफक आहे आणि जेवण साधे पण पोटभर मिळते. सभागृहाला पत्र्याचे छत असल्याने दुपारची सत्रे सोसणे कठीण जाते; आयोजकांनी ती सकाळी लवकर किंवा संध्याकाळी ठेवावीत. दृढीकरणाच्या मुलांना पाठवण्यास हरकत नाही, मात्र पाठवण्यापूर्वी पालकांनी त्यांच्याकडून उत्पत्तीचा पहिला अध्याय घरी वाचून घ्यावा.