संकष्टीला गाडीची तपासणी: नऊ महिन्यांचा अनुभव

एप्रिल २०२५ मध्ये माझ्या दीडशे सीसीच्या मोटरसायकलला पंधरा वर्षं झाली. नोंदणी पुढे चालू ठेवायची तर आरटीओत गाडी दाखवावी लागते. हजार रुपये फी, वर पर्यावरण कर, त्याच्या आधी नवी नंबरप्लेट. निरीक्षकांनी चासी नंबर ताडून पाहिला, हॉर्न वाजवायला लावला, दिवे बघितले. झालं. आता पाच वर्षं या गाडीकडे कोणी ढुंकूनही बघणार नाही. राहता राहिली पीयूसी. बीएस-४ या धुराच्या मानकाच्या आधीची गाडी असल्यामुळे ती मला दर सहा महिन्यांनी काढावी लागते (नव्या गाड्यांना वर्षभर चालते), पण तिथे फक्त धूर मोजतात. टायर टकला असो की ब्रेक लायनर संपलेले असोत, पीयूसी मिळते. ब्रिटनमध्ये म्हणे मोटरसायकल तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासून घ्यावी लागते. आपल्याकडे आपली आपणच तपासायची, म्हणजे बहुतेक कोणी तपासत नाही. मीही दसऱ्याला झेंडूचा हार घालण्यापुरताच गाडीजवळ उकिडवा बसायचो.

मोबाइलवर रिमाइंडर लावून पाहिलं होतं. तो वाजतो, आपण बंद करतो. मग डोक्यात आलं की संकष्टी मी वर्षानुवर्षं चुकवलेली नाही. ऑफिसातून आठला घरी पोचायचं आणि चंद्रोदयापर्यंत पोटात कावळे घेऊन बसायचं, त्यापेक्षा खाली कंपाउंडमध्ये जाऊन गाडी बघायची. मे महिन्यापासून सुरुवात केली. साहित्य फार नाही: हवा मोजायचा साधा काटा, टॉर्च, चिंध्या, चेनचं तेल आणि कॅलेंडरशेजारी टांगलेली एक वही.

काट्याचे पैसे पहिल्याच दिवशी वसूल झाले. पंपावर नेहमीच्या ठिकाणी हवा भरून आलो होतो, तरी मागच्या टायरमध्ये हँडबुकातल्या आकड्यापेक्षा सहा पीएसआय कमी. हवा टायर गार असतानाच मोजायची, भांडुपहून अंधेरीला जाऊन आल्या आल्या मोजली तर काटा जास्त दाखवतो. म्हणून मी वर जाऊन चहा घेतो (उपासाला चालतो) आणि अर्ध्या-पाऊण तासाने खाली येतो. टायरच्या खाचांत तळाशी छोटे उंचवटे असतात. दुचाकीला ते ०.८ मिलिमीटरचे. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की बदलायचा. माझा जूनमध्येच तिथे येऊन ठेपला होता, पावसाच्या तोंडावर. एरवी मी दिवाळीपर्यंत ढकलला असता.

सगळ्यात लाज वाटली ती जुलैमध्ये. ब्रेक दाबला की मागचा लाल दिवा लागतो, हे मी गृहीतच धरलं होतं. गाडीची शेपूट भिंतीकडे करून पायाचा ब्रेक दाबला, भिंत काळीच. हाताचा दाबला तर लाल. पायाकडच्या स्विचमध्ये पाणी जाऊन तो गंजला होता. किती दिवस असा फिरत होतो कोण जाणे, आणि मी तर पवईच्या उतारावर सगळा पायाचाच ब्रेक वापरणारा माणूस! स्विच किरकोळ पैशांत आला. एकट्याने तपासायचं असेल तर भिंतीची युक्ती लक्षात ठेवा, मागे कोणाला उभं करावं लागत नाही.

ऑगस्टच्या अंगारकीला पाऊस कोसळत होता, तरी जिन्याखाली गाडी घेऊन बसलो. क्लचच्या वायरचे तीन-चार धागे दांडीपाशी तुटून उभे राहिले होते, बोटाला टोचले तेव्हा कळलं. ती वायर जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर संध्याकाळी सातला तुटली असती तर काय झालं असतं, हे तिथून रोज जाणाऱ्यांना सांगायला नको. त्याच दिवशी पुढच्या डिस्कचं ब्रेक ऑइल पाहिलं, कोऱ्या चहासारखं दिसत होतं. हे तेल हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. माझं कधी बदललं होतं ते मिस्त्रीलाही आठवेना.

आता तक्रारी. वेळ लागतो, अर्धा तास म्हणता म्हणता सवा तास जातो. ऑक्टोबरची संकष्टी तापात गेली, डिसेंबरची लग्नात. ऑक्टोबर बुडाल्याचा हिशेब नोव्हेंबरात मिळाला: चेन कोरडी ठणठणीत आणि इतकी सैल की कव्हरवर आपटत होती. पावसानंतर चेनला महिनाभरही थांबवत नाही, तिला पंधरा दिवसांनी तेल पाहिजे. म्हणजे संकष्टीचा हिशेब तिच्यापुरता चुकला. शिवाय मागचे ब्रेक लायनर ड्रमच्या आत असतात, बाहेरची खूण बघून अंदाज येतो तेवढाच. चाक खोलायला मिस्त्रीच लागतो. ही तपासणी सर्व्हिसिंगच्या जागी धरू नका. उपयोग एवढाच झाला की गॅरेजात आता ‘बघून घ्या जरा’ असं म्हणत नाही, वही उघडून वाचून दाखवतो. मिस्त्री पहिल्यांदा हसला. हल्ली माझं बिल करताना मोडीतले जुने पार्ट न मागता हातात ठेवतो.

एक गोष्ट अजून अडलेली आहे. गाडी डबल स्टँडवर, पुढचं चाक अधांतरी, आणि शॉकअपची खालची टोकं धरून पुढेमागे हलवली की हँडलखाली ‘टक्’ होतं. कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग. खड्ड्यांनी आणि पेव्हर ब्लॉकनी खाल्लेला. मिस्त्री म्हणाला, “भाऊ, अजून दोन महिने ओढेल.” वहीत नोव्हेंबरला लिहिलंय ‘बारीक टक्’, जानेवारीत लिहिलंय ‘टक्’. शनिवारी गाडी गॅरेजात टाकतोय.