ऐतिहासिक कादंबरी की आत्मचरित्र : पुन्हा वाचू लागणाऱ्याने आधी काय घ्यावे?

वाचनाची सवय सुटून दहा-पंधरा वर्षे झाली आणि आता पुन्हा हातात पुस्तक घ्यावेसे वाटते, असे सांगणारे परिचित मला वरचेवर भेटतात. त्यांतल्या बहुतेकांना कविता नको असते, वैचारिक लेखनाची तूर्त धास्ती वाटते आणि ‘खरे काहीतरी’ वाचायचे असते. मग बोलणे वाचनालयातल्या दोनच कपाटांपाशी येऊन थांबते. एक ऐतिहासिक कादंबरीचे, दुसरे आत्मचरित्राचे. बारा वर्षांच्या खंडानंतर मी स्वतः वाचू लागलो तेव्हा याच दोन कपाटांमध्ये घुटमळत होतो. आधी कादंबरी घेतली आणि वर्षभराने आत्मचरित्राकडे वळलो. त्या अनुभवावरून जे वाटते ते येथे मांडतो. प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते, हे मान्य करूनच ते वाचावे.

सुटलेली सवय परत लावण्याची ताकद कादंबरीत अधिक आहे, हे आधीच सांगितले पाहिजे. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांच्या १८७१ च्या ‘मोचनगड’पासून हा प्रकार मराठीत रुळला आहे आणि वाचकाला धरून कसे ठेवावे, हे त्याला पक्के ठाऊक आहे. रणजित देसाई यांची १९६२ साली आलेली ‘स्वामी’ मी दुसऱ्यांदा वाचली तेव्हा माझे लक्ष सलग वीस मिनिटेही टिकत नव्हते. थोरले माधवराव पेशवे १७७२ साली थेऊरला वारले आणि रमाबाई सती गेल्या, हे शाळेपासून माहीत असलेले. तरीही थेऊरच्या मुक्कामातील ती अखेरची पाने मी रात्री दीड वाजेपर्यंत वाचत बसलो. शेवट ठाऊक असतानाही जीव टांगणीला लागतो, ही या प्रकाराची किमया आहे आणि लक्ष विस्कटलेल्या माणसाला ती औषधासारखी लागू पडते. विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’चेही तसेच. १४ जानेवारी १७६१ हा दिवस पुढे उभा आहे हे माहीत असते, म्हणूनच आधीचे उपासमारीचे दिवस वाचताना घास घशाखाली उतरत नाही.

आत्मचरित्राची सुरुवात बहुधा अशी नसते. कुळाची माहिती, गावाचे वर्णन, आजोबांचा स्वभाव, मग मुंज आणि शाळा, अशा वाटेने ते हळूहळू चालू लागते. पहिल्या तीस-चाळीस पानांत माझी दोन-तीन पुस्तके तरी गळाली आहेत. या बाबतीत कादंबरीचे पारडे निःसंशय जड आहे. मला अखेर दुसरीकडे वळवले ते एका वेगळ्याच त्रासाने. तो अनेकांना क्षुल्लक वाटेल, पण माझा निर्णय त्यावरच झाला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एका पेशवेकालीन कादंबरीत (तिचे नाव येथे महत्त्वाचे नाही) एका सरदाराने छावणीतून आईला लिहिलेले पत्र होते. वर मायना, खाली तिथी आणि मुक्काम, सगळे तिरप्या ठशात वेगळे छापलेले. पत्र इतके सुरेख होते की मी ते मोठ्याने वाचून दाखवले. तेव्हा नववीत असलेल्या माझ्या मुलीने ते आपल्या इतिहासाच्या प्रकल्पात सुवाच्य अक्षरात उतरवून घेतले. शाळेत तिला एवढेच विचारण्यात आले की, हे पत्र कोणत्या संग्रहात आहे? ती घरी आली आणि तोच प्रश्न तिने मला केला. कादंबरीच्या पुढच्या-मागच्या पानांवर त्याचे उत्तर नव्हते. शेवटी संदर्भग्रंथांची लांबलचक यादी होती, परंतु कोणत्या पानावरचा मजकूर कोणत्या ग्रंथातून आला, याचा काही मेळ लागत नव्हता. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी संपादिलेल्या पेशवे दप्तराचे ४५ खंड आहेत. त्यांपैकी त्या काळाशी संबंधित खंड मी वाचनालयात बसून चार रविवार चाळले, वासुदेवशास्त्री खरे यांच्या ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’तले भागही पाहिले. ते पत्र मला सापडले नाही. पाचव्या रविवारी मुलीने पेन्सिलीने त्या पानावर एक तिरकी रेघ मारली. मायना तेवढा ठेवला, कारण तशा मायन्याची पत्रे आम्हांला खंडांत दिसली होती.

पत्र रचण्याचा अधिकार कादंबरीकाराला आहे, याविषयी माझी तक्रार नाही. ते त्याचे कामच आहे. तक्रार एवढीच आहे की कागद कोठे संपला आणि कल्पना कोठे सुरू झाली, हे वाचकाला कळायला काही साधन ठेवलेले नसते. त्या दिवसानंतर कोणतीही ऐतिहासिक कादंबरी वाचताना प्रत्येक हृद्य प्रसंगापाशी ‘हे घडले असेल का?’ असा प्रश्न मनात उभा राहू लागला आणि त्या प्रश्नाने रसभंग होऊ लागला. ‘खरे काहीतरी’ वाचायच्या इच्छेने जो या कपाटाकडे येतो, त्याच्या वाट्याला हा त्रास आज ना उद्या येतोच, असे माझे मत आहे.

मग आत्मचरित्रात सगळे खरे असते का? मुळीच नाही. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हे त्याचे चांगले उदाहरण आहे. मथुरेला बायजाबाई शिंदे यज्ञ करणार आहेत हे ऐकून पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाला, १८५७ च्या धामधुमीत सापडला आणि झाशीच्या वेढ्याचा साक्षीदार झाला. हे सारे त्याने सुमारे पंचवीस वर्षांनी, १८८३ च्या सुमारास आठवून लिहिले. ते १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केले तेव्हा त्यांनी मूळ मजकुरात फेरफार केले होते. हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली आणला. म्हणजे स्मृतीची चूक आहे आणि संपादकाचा हातही आहे. असे असूनही मला त्या पुस्तकावर विसंबावेसे वाटते, कारण सांगणारा माणूस सतत समोर बसलेला असतो. गोडसे भटजी लुटले गेले की किती दक्षिणा गेली हे सांगतात, भ्यायले की भ्यायलो म्हणतात आणि एवढ्या हालअपेष्टांतून आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन घरी पोहोचतात. त्यांचे कोठे चुकले असेल, कोठे वाढवून सांगितले असेल, याचा अंदाज आपण त्यांच्या स्वभावावरून बांधू शकतो. कादंबरीत ही सोय नाही, कारण तेथील निवेदक कोणीच नसतो आणि त्याला सर्व काही माहीत असते.

भाषेचा मुद्दाही येथे आपोआप येतो. ऐतिहासिक कादंबरीची भाषा बरेचदा भरजरी असते. ती प्रथम मोहवते आणि पाचशे पानांनंतर थकवते. याउलट लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ उघडली की ओसरीवर बसून कोणी बोलत आहे असे वाटते. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलेल्या या पुस्तकात वडिलांच्या टोकाच्या सोवळ्याने सारे घर कसे जेरीस येते, ते एका मुलीच्या डोळ्यांनी दिसते. १८९५ साली पतीने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर आलेल्या ताटातुटीचे दुःखही त्याच साध्या वाक्यांत येते, कोठेही आवाज न चढवता. शालेय शिक्षण जवळजवळ नसलेल्या बाईने हे गद्य लिहिले आहे आणि मला अजून त्याच्या तोडीचे फार थोडे सापडले आहे.

सगळीच आत्मचरित्रे अशी सुगम नाहीत. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) वाचताना माझा वेग निम्म्यावर आला. तेथे सुशिक्षित दया पवार आणि त्याच्या आत दडलेला दगडू एकमेकांसमोर बसतात आणि दगडू जे सांगतो ते घाईने वाचण्यासारखे नाही. वाचनाला नुकतेच पुन्हा लागलेल्या माणसाने ते तिसरे-चौथे पुस्तक म्हणून घ्यावे. न वाचता मात्र राहू नये.

इतर प्रकारांबद्दल थोडक्यात सांगतो. झोपण्यापूर्वीची पंधरा मिनिटेच हाती असतील तर व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’सारखा संग्रह बरा, कारण एका बैठकीत एक माणूस पुरा होतो. विज्ञानकथेची आवड असेल तर जयंत नारळीकरांच्या कथा वाचून मग त्यांचे ‘चार नगरांतले माझे विश्व’ घ्यावे. कल्पित आणि आत्मकथन एकाच लेखणीतून कसे उतरते हे शेजारी ठेवून पाहता येते. प्रवासवर्णनाविषयी मी काही सुचवत नाही, माझे त्यातले वाचन तोकडे आहे.

लांबचा प्रवास असेल, घरात बारा-चौदा वर्षांचे मूल असेल आणि दोघांनी मिळून काही वाचायचे असेल, किंवा पुस्तक हातात टिकतच नसेल, तर मी आजही ऐतिहासिक कादंबरीच सुचवीन. मी स्वतः दर दिवाळीच्या सुटीत एक वाचतो, फक्त शेजारी सरदेसायांच्या ‘मराठी रियासती’चा त्या काळावरचा खंड ठेवून. परंतु ज्याला एकच पुस्तक घरी न्यायचे आहे आणि ज्याला ‘खरे काहीतरी’ हवे आहे, त्याने माझ्या मते दुसऱ्या कपाटाकडे जावे आणि ‘स्मृतिचित्रे’ मागावे. त्याच्या संक्षिप्त आवृत्त्याही आहेत, म्हणून मागताना संपूर्ण हवे असे स्पष्ट सांगावे. जाडी पाहून कचरू नये. संक्षेप करताना पहिल्यांदा जातात ते स्वयंपाकघरातले, अंगणातले छोटे प्रसंग, आणि लक्ष्मीबाईंच्या हाती ते सोपवल्यावर त्यांतला एकही चुकवावा असे मला वाटत नाही.