अ‍ॅक्सेसमध्ये कंट्रोलचं नाव व्हेरिएबलमधून: बरेच महिने वापरल्यावरचा अनुभव

आमच्या वर्कशॉपचं हजेरीचं मस्टर मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये आहे. फॉर्मवर महिन्याचे 31 टेक्स्टबॉक्स (फॉर्मवरच्या बॉक्स, लेबल, बटण अशा प्रत्येक वस्तूला कंट्रोल म्हणतात), आणि जुन्या कोडमध्ये प्रत्येकासाठी वेगळी ओळ, म्हणजे रंग बदलायचा म्हटलं तरी 31 ठिकाणी हात घाला. आता बॉक्सना डे1 ते डे31 अशी नावं दिलीत आणि लूपमध्ये फॉर्मच्या कंट्रोल्स कलेक्शनला कंसात "डे" आणि त्याला लूपचा चालू आकडा, म्हणजे आय (i) हे व्हेरिएबल, जोडून द्यायचा, झालं काम. महिन्याची शेवटची तारीख डेटसिरियल या फंक्शनला पुढचा महिना आणि दिवस 0 दिला की मिळते, त्याच्या पुढचे बॉक्स व्हिजिबल फॉल्स, फेब्रुवारीची कटकट संपली! फक्त महिना शॉर्टकट कीने बदलताना कर्सर 31 च्याच बॉक्समध्ये असेल तर एरर 2165 येतो, कारण फोकस असलेला कंट्रोल लपवता येत नाही. आधी सेटफोकस दुसरीकडे करा.

नवीन लोक हमखास अडकतात ते उद्गारचिन्हापाशी, म्हणजे फॉर्मपुढे ! टाकून कंट्रोलचं नाव लिहितात तिथे. त्याच्यापुढे व्हेरिएबल लिहिलं तर अ‍ॅक्सेस त्यातली किंमत बघतच नाही, त्याच नावाचा कंट्रोल शोधत बसतो आणि एरर 2465 देतो. व्हेरिएबल असेल तर कंसच पाहिजे. सबफॉर्मचंही (फॉर्मच्या आत बसवलेल्या फॉर्मचंही) तसंच, सेव्ह केलेल्या फॉर्मचं नाव चालत नाही, मेन फॉर्मवर त्या सबफॉर्म कंट्रोलचं जे नाव आहे ते द्यायचं, मग डॉट फॉर्म, मग आतला कंट्रोल.

नावात नंबर नसतील तिथे टॅग प्रॉपर्टी (कंट्रोलवर आपल्याला हवी ती खूण लिहून ठेवायची जागा) वापरा, फॉर ईचने फिरून टॅग तपासायचा. पण कंट्रोलटाइप, म्हणजे कंट्रोलचा प्रकार, बघितल्याशिवाय व्हॅल्यूला हात लावू नका, लेबलला व्हॅल्यू नसते, लगेच एरर 438.

खटकतं ते एवढंच की नाव कोटमध्ये असल्यामुळे कंपाइल करून काही कळत नाही. कोणी डिझाइनमध्ये डे17 चं नाव बदललं तर कोड चालल्यावरच बोंब होते, आणि कोडमध्ये डे17 शोधायला जावं तर ते कुठे लिहिलेलंच नसतं. म्हणून कामगाराचं नाव, खातं असले सुटे कंट्रोल मी सरळ नावानेच घेतो, तिथे ही पद्धत वापरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. रांगेतल्या कंट्रोलसाठी मात्र डोळे झाकून वापरा, आता मस्टरच्या छापील रिपोर्टलाही, डिटेलच्या फॉरमॅट इव्हेंटमध्ये, हाच लूप लावलाय आणि मस्त चाललंय.