पाटलाला हळद लागली: पिग ऑइल आणि सल्फर, एका सीझनचा अनुभव

घोड्याच्या पायांना लावायच्या या तेलाला आधी स्टार देते मग गोष्ट सांगते. पाचपैकी चार. एक कापला तो लेबलसाठी, कारण त्यावर "वापरण्यापूर्वी हलवा" याच्यापुढे कामाचं काहीच लिहिलेलं नाही आणि त्यापायी माझा मे महिन्यातला पहिला शो अक्षरशः पिवळा झाला. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, तीन वेगवेगळ्या कंपन्यांचं वापरून झालंय आणि तिन्हींची तीच तऱ्हा.

तर आधी संदर्भ. मी ग्लासगोजवळ लॅनार्कशायरमध्ये राहते आणि गेल्या वर्षीपासून एक क्लाइड्सडेल घोडा शेअरवर घेतलाय. शेअर म्हणजे घोडा मालकीणबाईंचाच, आपण आठवड्यातले तीन दिवस त्याचं शेण काढण्यापासून खरारा करण्यापर्यंत सगळं करायचं, महिन्याला ठरलेले पैसे द्यायचे आणि बदल्यात त्याच्यावर बसायला मिळतं. हिशोब करायला बसलं तर तोट्याचा धंदा आहे, म्हणून मी करत नाही. क्लाइड्सडेल ही इथलीच जात, क्लाइड नदीच्या खोऱ्यातली, शेतात आणि कोळशाच्या गाड्यांना जुंपायची, त्यांची सोसायटी १८७७ सालची आहे. ट्रॅक्टर आणि ट्रक आले तसे घोडे संपत गेले आणि आता ही जात दुर्मिळ जाती जपणाऱ्या रेअर ब्रीड्स सर्व्हायव्हल ट्रस्टच्या यादीत आहे. फॉल्कर्कला हायवेच्या बाजूला ती ३० मीटर उंच स्टीलची दोन घोड्यांची डोकी आहेत ना, केल्पीज, स्कॉटलंडला आलेला प्रत्येक मराठी माणूस तिथे फोटो काढून जातो, ती क्लाइड्सडेलचीच. मीही आधी फोटोच काढला होता.

आमच्या घोड्याचं कागदावरचं नाव भारदस्त स्कॉटिश आहे पण मी त्याला पाटील म्हणते, कारण त्याला खरीखुरी मिशी आहे, वरच्या ओठावर, दोन्हीकडे वळलेली. या जातीत असते काहींना. उंची १७.२ हात, इथे घोड्याचा हात म्हणजे चार इंच आणि ते पॉइंट दोन म्हणजे वरचे दोन इंच, म्हणजे नुसत्या खांद्यापाशीच पाच फूट दहा इंच. मी पाच फूट एक. तीन पायऱ्यांचा ठोकळा नसेल तर मी पायीच घरी जाते. रंग तांबूस तपकिरी, चारही पाय पांढरे आणि कपाळावरून नाकापर्यंत पांढरा पट्टा, आमच्या आजोबांच्या भाषेत पंचकल्याणी, एकदम शुभ.

ते चार पांढरे पाय हाच या रिव्ह्यूचा विषय. गुडघ्याखालून खुरापर्यंत केसांची जाड झालर असते, इथे त्याला फेदर म्हणतात, दिसायला राजेशाही आणि सांभाळायला छळ. इथे ऑक्टोबर ते एप्रिल जमीन कधी वाळतच नाही. चिखल त्या केसांत जाऊन बसतो, आतली कातडी ओली राहते, मग जंतू वाढून खपल्या धरतात, त्याला मड फीव्हर म्हणतात. शिवाय फेदरमध्ये माइट्स, म्हणजे अगदी बारीक किडे होतात, घोडा रात्रभर पाय आपटत बसतो आणि भिंतीला घासून रक्त काढतो. आणि या अवजड जातींना पायाला सूज येऊन कातडी जाड होत जाण्याचा एक आजार पण असतो, हळूहळू वळकट्या पडतात आणि तो पूर्ण बरा होत नाही. म्हणून रोज केसांत बोटं घालून चाचपायचं असतं, वरवर बघून कळत नाही. शोवाले काही लोक फेदर कापायला लागू नये म्हणून दुखणं लपवतात, मला ते पटत नाही, व्हेटने, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरने कापा म्हटलं की कापायचं, केस परत येतात.

तर या सगळ्यावर इथला जुना उपाय म्हणजे पिग ऑइल आणि सल्फर. नाव ऐकून घाबरू नका. मी शाकाहारी घरातली, पहिल्यांदा डबा हातात दिला तेव्हा दोन बोटांनी धरला होता. पण पिग ऑइल म्हणजे डुकराचं तेल नव्हे, डुकरांना लावायचं तेल, प्रदर्शनात डुकरं चमकावीत म्हणून लावायचे. आता बाटलीत मिळतं ते साधं पातळ मिनरल ऑइल असतं, बेबी ऑइलचा वास नसलेला भाऊ. त्यात गंधकाची पिवळी पूड मिसळायची. तेलामुळे चिखल आणि पाणी केसांना चिकटत नाही, गंधक माइट्सना आवडत नाही असा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. मात्र माइट्स आधीच झाले असतील तर याच्या भरवशावर राहू नका, व्हेटला बोलवा, मी महिनाभर तेलच लावत राहिले आणि शेवटी इंजेक्शनंच द्यावी लागली.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली, "अगं हे काय लावतेस त्याला?" मी म्हटलं तेल आणि पिवळी पूड. "मग हे खांदमळणच की." आमच्याकडे सांगलीकडे बेंदराच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळतात, जू ओढून घट्टे पडलेले असतात ना. तिला यात काहीच नवल वाटलं नाही. मला उगाच वाटत होतं मी काहीतरी परदेशी करतेय.

आता प्रॉडक्टबद्दल. लिटरची बाटली मला १४ पाउंडाला पडली आणि पाटलाच्या चार पायांना एका वेळी जवळजवळ अर्धी लागते, छोट्या कॉब घोडेवाल्यांचे रिव्ह्यू वाचून "एक बाटली सीझनभर पुरते" यावर विश्वास ठेवू नका. मोठा कॅनच घ्या. तयार मिक्स घेण्यापेक्षा तेल वेगळं आणि गंधक वेगळं घेतलं तर स्वस्त पडतं आणि प्रमाण आपल्या हातात राहतं. स्प्रेची बाटली अजिबात नको, पूड तळाशी बसते आणि नळी तुंबते, मी दोन फेकल्या. सरळ हाताने चोळायचं, ग्लोव्हज घालून. हिवाळ्यात तेल बर्फासारखं गार असतं, बाटली गरम पाण्याच्या बादलीत दहा मिनिटं ठेवायची, नाहीतर पाटील पाय झटकतात आणि आठशे-नऊशे किलोचा गडी पाय झटकतो तेव्हा आपण आपली भिंत बघावी. पाय कोरडे आणि स्वच्छ हवेत, ओल्यावर लावलं तर ओल आतच कोंडते. जखमेवर लावू नका. पहिल्यांदा एका जागी थोडंसं लावून दोन दिवस थांबा, पांढऱ्या केसांखालची कातडी गुलाबी असते, काही घोड्यांना सोसत नाही, आणि उन्हाळ्यात तेल लावून उन्हात सोडलं तर भाजण्याची भीती.

वास? दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत असतो तो. मला तर आवडला. नवऱ्याला आवडला नाही, त्यात बाटलीचं झाकण नीट बसत नाही त्यामुळे गाडीच्या डिकीत कायमची दिवाळी आहे.

रिझल्ट मात्र एक नंबर. आठवड्यातून एकदा लावत होते आणि नोव्हेंबर ते मार्च एकही खपली नाही, शेजारच्या दोन घोड्यांना मड फीव्हर झाला, पाटील ठणठणीत. संध्याकाळी चिखलातून आला की मी पाय धूतच नाही, वाळू देते आणि सकाळी ब्रशने माती आपोआप गळून पडते. इथपर्यंत पाचपैकी पाच.

मग आला मे आणि आमचा पहिला शो. गावातल्या क्लबचा वीकेंड शो, शनिवारी ड्रेसाज, म्हणजे ठरलेल्या क्रमाने घोडा चालवून दाखवायचा आणि जज मार्क देणार, रविवारी रिडन हेवी हॉर्स क्लास, म्हणजे जुंपायच्या जातीचे घोडे पण खोगीर घालून. हल्ली हे इथे चांगलंच चालतं, बर्मिंगहॅमला ऑक्टोबरमध्ये हॉर्स ऑफ द इयर शो होतो त्यात सुद्धा याची चॅम्पियनशिप असते. मी काही तिथे जाणार नव्हते, मला फक्त मैदानातून न पडता बाहेर यायचं होतं.

अवजड घोड्याचे पांढरे पाय शोसाठी कसे करतात माहितीये? आदल्या दिवशी साबणाने धुवायचे आणि ओलसर असताना त्यात लाकडाचा अगदी बारीक पांढरा भुसा चोळायचा, तो पाणी पितो, सकाळी झटकला की फेदर रेशमासारखं मोकळं आणि शुभ्र. मस्त जुनी पद्धत आहे, भुसा दिसतो तांदळाच्या पिठीसारखा. मी अतिशहाणी, मला वाटलं तेलाने चमक येते तर गुरुवारी एक हात मारून ठेवू. शुक्रवारी घोड्याच्या नेहमीच्या शाम्पूने धुतलं, त्याने तेल कसलं निघतंय. वरून भुसा चोळला. तेल, गंधक, पाणी आणि पिठी. लोकहो, मी घोड्याच्या पायावर थालीपीठ थापलं होतं. रात्री साडेनऊपर्यंत (इथे मेमध्ये उजेड असतो म्हणून जमलं) कंगव्याने गोळे काढत बसले आणि सकाळी उन्हात बघितलं तर चारही पाय पिवळेधमक. मालकीणबाई आल्या, पायांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि चहा आणायला गेल्या.

नवरदेव तयार होता, फक्त मुंडावळ्या राहिल्या होत्या.

आणि नुसतं दिसण्याचं असतं तर चाललं असतं. ते तेल माझ्या क्रीम रंगाच्या ब्रीचेसला, म्हणजे घोड्यावर बसायच्या पँटला लागलं, बुटांच्या तळव्यांना लागलं. ड्रेसाजची माझी टेस्ट सगळ्यात खालच्या पातळीची, चालणं आणि दुडकी, बास. मैदान २० बाय ४० मीटर, कडेला वळायच्या जागा दाखवणारी अक्षरं. हे मैदान पाटलासाठी म्हणजे वन रूम किचन, त्याची एक ढांग एवढी की एक कोपरा वळून सरळ होतोय तोवर पुढचा कोपरा दारात उभा, वाकायचं कधी आणि मला आठवायचं कधी की आता ई येतं का एच. क्लाइड्सडेल दुडकी धरताना पाय असे उचलतो की मागे उभ्या माणसाला नाल दिसते, ते बघायला भारी पण वर बसलेल्याची हाडं मोजली जातात. त्यात दुडकीत प्रत्येक ठेक्याला उठायचं-बसायचं असतं आणि माझा तेलकट बूट उजव्या रिकिबीतून सटकला तो परत सापडेचना. एका पायावर उठाबशा काढत अर्ध वर्तुळ पूर्ण केलं. पाटील बिचारा शांत, त्याला वाटलं हिला असंच करायचं असेल. ५६ टक्के. जजबाईंनी शेवटी खाली लिहिलं होतं की घोडा अत्यंत समजूतदार आहे. माझ्याबद्दल काही लिहिलं नाही.

रविवारच्या क्लासमध्ये पाचात पाचवे. तिथे शेपटीचा अंबाडा बांधून रिबिनी लावल्या होत्या, आयाळीची वेणी घातली होती, एकदम बेंदराचा बैल, आणि खाली हळद. जाता जाता, पूर्वी या घोड्यांच्या शेपट्या कापायचे, दोरात अडकू नये म्हणून, १९४९ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये ते बंद झालं. नाहीतर अंबाडा कसला.

आता काय करायचं ते सांगते, जे लेबलवर छापायला एक ओळ लागली असती. शोच्या किमान दोन आठवडे आधी तेल बंद. मग भांडी घासायच्या लिक्विडने दोन वेळा, मधे चार दिवस सोडून, कोमट पाण्याने धुवायचं आणि फेस केसांच्या मुळाशी राहू द्यायचा नाही. केस चोळून बोटं कोरडी राहिली तरच भुसा. ऑगस्टच्या शोला असंच केलं आणि फेदर इतकं पांढरं निघालं की शेजारच्या शायर जातीच्या घोडेवाल्या आजोबांनी येऊन विचारलं काय वापरतेस. ड्रेसाजला ६२ टक्के, दोन्ही बूट रिकिबीत. हेवी क्लासमध्ये चारात तिसरे, पिवळी रिबिन मिळाली. हो, इथे तिसऱ्याची रिबिन पिवळी असते. मालकीणबाई ती बघून इतकं हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं.

अजून एक, नालबंद यायच्या दोन दिवस आधी पण लावू नका. आमचे नालबंद एरवी अबोल आहेत पण तेलकट पाय मांडीवर घेऊन तो सटकला तेव्हा जे बोलले ते मला स्कॉटिश उच्चारात सुद्धा नीट कळलं.

ज्यांच्याकडे फेदरवाला घोडा आहे आणि पावसाचा देश आहे त्यांनी घ्याच. बिनफेदरच्या घोड्याला गरज नाही. तेलाचा पाच लिटरचा कॅन कालच आलाय. या वेळी झाकणावर सेलोटेप गुंडाळूनच डिकीत ठेवलाय, बघू.