२१,८३० रुपयांचे टोस्टर

काल रात्री मला फसवणाऱ्याचा तोच फोटो विक्रीच्या जाहिरातीत परत दिसला. तेच पिवळं मेणकापड, त्यावर क्रोमचे दोन टोस्टर, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप (तारांखाली बसून आवाज पकडणारे डबे, दिसायला ब्रेडच्या टोस्टरसारखे), बाजूला मल्टिमीटर. भाव आता १६,००० लावलाय. माझ्याकडून १८,५०० घेतले होते, वर 'कस्टम'चे ३,३३०. एकूण २१,८३०. खाली नागपूरच्याच एका पोराने विचारलंय, 'आहे का अजून?' लाजेपोटी दोन महिने तोंड बंद ठेवलं होतं, पण आता लिहितोच.

माझ्याकडे बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार आहे. रिकनबॅकर या अमेरिकन कंपनीच्या गिटारच्या वळणाची, पण सेकंडहॅण्ड आणि स्वस्तातली. आधीच्या मालकाने तिच्यात मेटल वाजवणाऱ्यांचे दणदणीत हमबकर (दोन कॉइलचे जाड आवाजाचे पिकअप) ठोकले होते. बारा तारांत खर्जाकडच्या चार जोड्यांमध्ये एकेक तार सप्तकभर वरची असते आणि सगळा झणकार त्या बारीक तारांचा. जाड आवाजाचा पिकअप नेमका तोच खातो. पोह्यावर तर्री इतकी ओतायची की पोहेच दिसू नयेत, तसा प्रकार. शिवाय पिकअपमध्ये तारांखाली सहाच खांब असले की जोडीतली एक तार खांबावर आणि दुसरी अधांतरी, असंही होतं. म्हणून एकतर खांबांऐवजी सलग पट्टीवाला पिकअप घ्या, नाहीतर लिपस्टिकच्या नळीसारखा दिसणारा 'लिपस्टिक' घ्या, नाहीतर रिकनबॅकरचा टोस्टर; त्याचेही खांब सहाच, पण आवाज जाड नाही. १९६४ साली बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनच्या हाती जी बारा तारांची आली, तिच्यात हेच टोस्टर होते. मला टोस्टरच हवे होते. हाव म्हणा.

विकणारा पुण्याचा, म्हणजे तसं सांगणारा. मामेभाऊ अमेरिकेत, जुन्या गिटारचे ओरिजिनल काढून ठेवलेले, आईच्या ऑपरेशनसाठी विकतोय वगैरे. पुढचं तुम्हाला पाठ असेलच. ९,२५० आधी, ९,२५० पार्सल निघाल्यावर.

आता तो फोटो. मी त्याला सांगितलं, मीटर लावून दाखव. त्याने तासाभरात पाठवला. मीटरवर १४.२ किलोओहम. टोस्टर सात-साडेसातच्या आसपास दाखवतो, हे मला ठाऊक होतं. ऐकीव नव्हे, वर्षभर तेच वाचत बसलो होतो, वहीत लिहून ठेवलं होतं. फोटो मोठा करून पाहिला. एक, चार, टिंब, दोन. पोटात काहीतरी हललंही. मी विचारलं, "इतकं कसं?" तो म्हणाला, "दादा, हॉट वाइंडिंग आहे, लिमिटेड पीस." हॉट म्हणजे तारेचे वेढे जास्त, आवाज दणदणीत. आणि मी, ज्याला असले हॉट पिकअपच काढून टाकायचे होते, तो 'ओके' लिहून मोकळा झालो! वरून स्वतःलाच समजावलं की त्याच्या मीटरचा सेल उतरला असेल.

मीटरचा फोटो मागत असाल तर आकडा वाचायलाही शिका. आणि फोटो नको, व्हिडिओ मागा, त्यात त्या दिवसाचा पेपर दिसू द्या.

मग त्याने कस्टम ड्यूटीचे ३,३३० मागितले, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, पार्सल पुण्याहून येतंय ना? मग कस्टम कायचं बाप्पा?" मी तिला अठरा टक्के कसे लागतात ते समजावून सांगितलं. १८,५०० चे अठरा टक्के बरोबर ३,३३० होतात, हिशेब चोख होता. हिशेब जुळला म्हणून मी पैसे पाठवले. ड्यूटी कधी कुण्या माणसाच्या यूपीआयवर जात नाही, पावती मिळते. हे मला कळत नव्हतं असं नाही. मे महिना, ४५ डिग्री, कूलर बिघडलेला, ऑफिसात क्लोजिंग. डोकं ठिकाणावर नव्हतं, एवढंच म्हणतो.

पार्सल आलं. उघडताना व्हिडिओ काढला नाही, हीसुद्धा माझीच चूक. इतवारीत मोटर वाइंडिंग करणारा एक मित्र आहे, त्याने ब्लेडने कव्हर उचकटलं. खऱ्या टोस्टरमध्ये अल्निको या मिश्रधातूच्या सहा चुंबकी कांड्या असतात. इथे लोखंडी खिळ्यांसारखे सहा तुकडे, बुडाला सिरॅमिक चुंबकाची काळी पट्टी, ती ग्लू-गनच्या गोंदाने चिकटवलेली. गोंदात कुणाचातरी केस अडकला होता. मीटर लावलं तर १४.२.

विकणाऱ्याचा नंबर बंद. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला तो सातव्या दिवशी. तुम्ही पहिल्या तासात करा, पैसे पुढे सरकायच्या आत. बँकेत गेलो तर काचेपलीकडची मुलगी म्हणते, "सर, पिन तुम्हीच टाकला ना?" तीन खेपा घातल्या, तिन्ही वेळा हेच वाक्य. पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणे सायबर सेलला जा. सायबरला गेलो तर म्हणे तुमच्या ठाण्याचं पत्र आणा. परत ठाण्यात, तर साहेब बंदोबस्तावर. चौथ्यांदा साहेब भेटले. "वस्तू तर आली ना भाऊ? मग फसवणूक कशी? हे ग्राहक मंचात न्या." मी ४२० म्हणालो, तर मलाच सांगितलं की नव्या कायद्यात आता ते ३१८ झालं. कलम माहीत आहे, मग लावा ना! ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, पण समोरच्याचं नाव-पत्ता लागतो. माझ्याकडे काय आहे? एक बंद नंबर आणि पिवळं मेणकापड. पत्ता शोधायचं काम कुणाचं, माझं?

शेवटी हवालदाराने अर्ज तेवढा घेतला. दोन्ही पिकअप हातात तोलून पाहिले, म्हणाला, "हे वाजते कसं?" मी सांगू लागलो तोवर त्याचा चहा आला. अर्जाच्या प्रतीवर त्याने लिहिलं: 'गिटारचे डबे, नग २, किंमत अंदाजे ५०० रु.' शिक्का मारायला उद्या बोलावलंय.